भाऊजींचं स्वदेशी आणि तुमचं लॉक

पत्र:

सप्रेम नमस्कार.

बार्शीत आमचं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, १९९९ पासून. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, पतसंस्थांचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं (सगळ्या पक्षांची!) असं काम. संगणकावर विंडोज १० आहे. दर दोन दिवसांनी पडदाभर पान उघडतं की आता सपोर्ट संपला, नवा संगणक घ्या. संगणक तर उत्तम चालतोय. माझं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर जुनं आहे, संगणकाच्या मागे पेन ड्राइव्हसारखं दिसणारं त्याचं लॉक लावल्याशिवाय उघडत नाही. त्या कंपनीला फोन केला तर म्हणाले, तुमची आवृत्ती आम्ही आता बघत नाही, नवी घ्या आणि दरवर्षी पैसे भरा. डिझाइनचं दुसरं एक सॉफ्टवेअर मुलाने महिन्याच्या पैशांवर घेऊन दिलं होतं. ते बंद करायला गेले तर बंद करायचं बटणच सापडेना. सापडलं तेव्हा कळलं, करार वर्षाचा आहे, मध्येच सोडलं तर दंड.

मुलगा पुण्याहून सांगतो, आई, विंडोजच्या जागी सरळ लिनक्स टाक. धाकटे भाऊजी घरच्या ग्रुपवर रोज टाकतात की परदेशी सॉफ्टवेअर वापरणं हा देशद्रोह आहे, आपल्या भारतीय झोहो कंपनीचा मेल घ्या, तिचं गप्पांचं ॲप अरट्टई घ्या. मुलगा त्यांना उलट बोलतो. दिवाळीत काका-पुतणे एका पंगतीला बसले नाहीत. माझ्या सासऱ्यांनी लिहिलेली आठवणींची ऐंशी पानी पुस्तिका मीच लावली होती, तीही त्याच फॉन्टमध्ये अडकून पडलीय. मी करू काय? आणि रागवू कुणावर?

– लॉकवाल्या ताई, बार्शी

उत्तर:

ताई,

रागवायचं मागाहून बघू. आधी ते लॉक कुठं आहे ते सांगा. संगणकाच्या मागे, गिऱ्हाइकांच्या पिशव्या लागतात त्या बाजूला असेल, तर आजच जागा बदला. तुमच्या दुकानातली सगळ्यात महाग वस्तू तीच आहे. प्रिंटर गेला तर दुसरा येईल. पेन ड्राइव्ह समजून ते एखाद्या पोराने उपसलं आणि हरवलं, तर पंचवीस वर्षांचं काम कपाटात असूनही तुम्हाला उघडता येणार नाही. एवढं करा आणि मग पुढचं वाचा.

आता ते पडदाभर पान. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं आहे. पण सपोर्ट संपला म्हणजे संगणक बंद पडला असं नाही. नवी भगदाडं सापडली तर ती बुजवायला मायक्रोसॉफ्ट येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. घरगुती वापराच्या संगणकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ ठेवली आहे. ती ३० डॉलर भरून मिळते, किंवा मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून संगणकाच्या सेटिंग त्यांच्याकडे साठवायला ठेवल्या तर फुकट मिळते. फुकट म्हणजे काय ते तुम्ही ओळखलंच असेल: पैशांऐवजी तुमचं खातं त्यांच्या वहीत. तरीही दुकानासाठी मी ती घ्या म्हणेन, तेवढी मुदत पदरात पडते.

विंडोज ११ तुमच्या संगणकावर का चढत नाही, हेही ऐकून ठेवा, कारण दुकानदार तुम्हाला 'मशीन स्लो आहे' असं सांगेल. स्लोपणाचा इथे फारसा संबंध नाही. त्यांना टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. सातव्या पिढीचा धडधाकट संगणक दारातच अडवला जातो. गंमत म्हणजे २०१५ साली याच कंपनीच्या एका माणसाने परिषदेत सांगितलं होतं की विंडोज १० हे शेवटचं विंडोज. चालतं यंत्र भंगारात घालायला लावणं मला मुळीच पटत नाही. पण माझ्या न पटण्याने तुमचं दुकान चालत नाही, म्हणून पुढे जातो.

तुमचं खरं दुखणं विंडोज नाहीच. उद्या कुणी नवाकोरा संगणक फुकट आणून दिला, तरी सासऱ्यांची पुस्तिका त्यावर उघडणार नाही. ती फॉन्टमध्ये अडकली आहे आणि फॉन्ट लॉकमध्ये.

तुम्ही रोज हे काम करता, त्यामुळे अर्धं तुम्हाला ठाऊक असेल. तरी सांगतो. जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये 'क' नसतोच. तिथे एखाद्या इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक असतो, आणि फॉन्ट त्या जागी 'क'चं चित्र दाखवतो. उपलब्ध जागा जेमतेम २५६, त्यात सगळी बाराखडी, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं कोंबायची. प्रत्येक कंपनीने ती आपापल्या सोयीने कोंबली. एकीचा 'क' तो दुसरीचा 'श्र'. त्या काळी मराठी छपाई संगणकावर आली ती याच युक्तीमुळे, त्याबद्दल त्या लोकांना नावं ठेवायचं कारण नाही. पण फॉन्ट काढून घेतला की मागे उरतात डॉलरची चिन्हं, कंस आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा.

हा चिवडा मी स्वतः खाल्ला आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी लिहिलेले माझे लेख सीडीवर होते. सीडी शाबूत, फाइली शाबूत, फक्त तो फॉन्ट बनवणारं सॉफ्टवेअर बाजारातून गेलेलं. शेवटी छापील अंक समोर ठेवून सगळं पुन्हा टाइप केलं. टाइप करताना लक्षात आलं की त्यातले दोन लेख तसेच हरवलेले बरे होते. पण ते ठरवायचा हक्क माझा होता ना!

युनिकोडमध्ये ही भानगड नाही. तिथे 'क'ला जगभर एकच क्रमांक आहे, २३२५. फॉन्ट कुठलाही लावा, यंत्र कुठलंही असो, तो 'क'च राहतो. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. मग आपली डीटीपीची दुकानं इतकी वर्षं जुन्यातच का राहिली? कारण पेजमेकर, पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची, तिला युनिकोड कळतच नाही, आणि तालुक्याच्या गावी पेजमेकरवर हात बसलेल्या माणसाला ते सोडा म्हणणं म्हणजे सुताराला रंधा सोडा म्हणण्यासारखं. शिवाय ऑफसेटवाला मागतो तेच द्यावं लागतं. तुमची यात चूक नाही.

म्हणून काम असं करा. आत्ताचा संगणक, ते लॉक, ते सॉफ्टवेअर, सगळं जसं आहे तसं ठेवा आणि त्याची इंटरनेटची वायर काढून टाका. मुदतवाढ घेतली तरी ती संपल्यावर हे करायचंच आहे, फॉन्टच्या मशीनला इंटरनेट लागतंय कशाला? त्यावर बँक नको, जीएसटी नको, गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह तर नकोच नको. संपूर्ण हार्ड डिस्कची नक्कल बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या, हे काम मुलाकडून करून घ्या. लिनक्सवर भाषण देण्यापेक्षा त्याने हे आधी करावं.

मग जुन्या फाइली हळूहळू युनिकोडमध्ये आणायच्या. यासाठी रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण एकाने केलं तेवढ्यावर विसंबू नका. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं तसंच, दिसतो शेवटी पण साठवायचा आधी. रूपांतर फसतं ते नेमकं इथे. 'दर्या'चा 'दऱ्या' झालेला आणि 'दऱ्या'चा 'दर्या' झालेला मी पाहिला आहे, आणि वाक्य दोन्ही वेळा बरोबर वाटतं हेच वाईट. पतसंस्थेच्या सभासद यादीत एक रफार घसरला तर आडनाव बदलतं. पत्रिकेत काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या धंद्यात 'चि.' आणि 'कै.' यांच्यामध्ये फक्त प्रूफ उभं असतं.

सगळं रूपांतर करायची गरजही नाही. २००६ सालच्या लग्नपत्रिका कुणी परत मागणार नाही, लग्नं टिकली असतील तर उत्तमच. दरवर्षी थोडा बदल करून पुन्हा लागणारं मॅटर, म्हणजे अहवाल, याद्या, शाळेचे नमुने, तेवढं आधी घ्या. बाकीच्यातलं जे जपावंसं वाटतं त्याची पीडीएफ करून ठेवा. ती दिसेल, छापता येईल, दुरुस्त मात्र करता येणार नाही.

कळफलकाची भीती बाळगू नका. तुमचा हात टाइपरायटरच्या पद्धतीवर बसला असेल तर तोच कळफलक युनिकोडमध्येही मिळतो. आणि फॉन्टचं दारिद्र्य आता राहिलेलं नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले मुक्ता आणि बलू मोफत आहेत, राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू आहेत. यशोमुद्रा पत्रिकेला जरा गंभीर वाटेल, अहवालाला शोभेल. बलू बारशाला.

आता भाऊजी.

तुमच्या मुलाला आवडणार नाही, पण भाऊजी अगदीच काहीच्या बाही बोलत नाहीयेत. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने रशियावरच्या निर्बंधांत गुजरातच्या वाडीनार इथली नायरा एनर्जीची तेलशुद्धीकरण रिफायनरी घातली, कारण तिच्यात रशियाच्या रोसनेफ्ट या तेल कंपनीचा ४९ टक्क्यांच्या आसपास वाटा आहे. भारताने असे निर्बंध मान्य केलेले नव्हते. तरी मायक्रोसॉफ्टने नायराची ईमेल आणि टीम्स या ऑनलाइन बैठकांच्या ॲपची सेवा थांबवली. पैसे भरलेले, कंपनी भारतातली, कर्मचारी भारतातले, आणि एके दिवशी मेल उघडेना. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग थोड्याच दिवसांत सेवा परत सुरू झाली. मधल्या काळात त्यांनी ईमेलसाठी रेडिफचा आधार घेतला. रेडिफमेल आठवतं ना? तुमच्या दुकानावरच्या पहिल्या पाटीवर त्याचाच पत्ता असणार.

पुढच्याच महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावरचा आयातकर ५० टक्क्यांवर नेला, स्वदेशीची हाक आली, सप्टेंबरात अश्विनी वैष्णव यांनी आणि ऑक्टोबरात अमित शहा यांनी झोहोकडे वळल्याचं जाहीर केलं. भाऊजींच्या मोबाइलवर येणारी लाट ती हीच. दुसऱ्या देशाच्या सरकारचा हात आपल्या टेबलापर्यंत पोचू शकतो, ही भीती काल्पनिक नाही.

पण ताई, भाऊजींना एक विचारा. तुमचं लॉक कुठल्या देशाचं आहे?

ते स्वदेशी आहे. मराठी फॉन्ट अमेरिकेतल्या कुणी बनवला नव्हता, आपल्याच माणसांनी बनवला. आणि तुम्हाला जितकं या लॉकने धरून ठेवलं आहे तितकं मायक्रोसॉफ्टनेही ठेवलेलं नाही. विंडोज बदलून तुमच्या फाइली वाचता येतील, पण ते लॉक गेलं तर नाही. 'तुमची आवृत्ती आम्ही आता बघत नाही' हे वाक्य तुम्ही शुद्ध मराठीत ऐकलंत. मराठीत ऐकलं म्हणून काही कमी झोंबलं का?

झोहो चांगली कंपनी आहे. चेन्नईची, १९९६ पासूनची, तेनकाशीसारख्या लहान गावातून काम करणारी. तिचा मेल वापरायचा तर खुशाल वापरा. मात्र मेल आणि गप्पांच्या ॲपने लग्नपत्रिका लागत नाही, आणि तुमचा प्रश्न पत्रिकेचा आहे. घेण्याआधी विक्रेत्याला, तो देशी असो की परदेशी, एवढंच विचारायचं: उद्या मला जायचं असेल तर माझं सामान घेऊन जाता येईल का, आणि ते दुसऱ्याच्या घरात उघडेल का? यावर जो 'साहेबांशी बोलून सांगतो' म्हणेल, त्याच्याकडे वार्षिक पैसे भरू नका. तुमच्या फॉन्टवाल्यांनाही हेच विचारा. नवी आवृत्ती युनिकोडमध्ये फाइल बाहेर काढून देत असेल, तर एक वर्ष पैसे भरून सगळं सामान बाहेर काढणं कदाचित स्वस्त पडेल. मग नमस्कार करून निघायचं.

मुलाच्या लिनक्सबद्दल. तो म्हणतो ते फुकट आहे, चांगलं आहे, आणि तुमच्या जुन्या संगणकावर विंडोज ११ पेक्षा हलकं चालेल. सगळं खरं. पण तुमचं पेजमेकर, डिझाइनचं कोरल आणि ते लॉक तिथे सरळ चालणार नाही, हे त्याने सांगितलं का? जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या पालिकेने या शतकाच्या सुरुवातीला विंडोज सोडायचं ठरवलं, दहा वर्षं खपून पंधराएक हजार संगणक लिनक्सवर नेले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे यायचा ठराव केला. तिथेही राजकारण होतं, महापौर बदलले होते. आता त्याच देशातलं श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य तीस हजार संगणकांवर तसाच प्रयोग करतंय. म्हणजे हे होत नाही असं नाही, पण एका रविवारी येऊन, चहा पिऊन, पेन ड्राइव्ह लावून होत नाही.

दुकानात दुसरा एखादा जुना संगणक धूळ खात असेलच. मुलाला त्यावर लिनक्स मिंट टाकून द्यायला सांगा. लिब्रेऑफिसमध्ये पत्रं आणि याद्या, स्क्रायबसमध्ये पानं लावायला शिका. स्क्रायबसच्या नव्या आवृत्त्या देवनागरी जोडाक्षरं नीट मांडतात, पूर्वी नव्हत्या मांडत. तीन महिने फक्त नव्या, साध्या कामासाठी वापरा, आणि ऑफसेटवाल्याला पीडीएफ चालते का ते आधी विचारा. बहुतेक चालेल, तो कोरलची फाइल मागतो ती सवयीने, आणि थोडी आयत्या वेळी स्वतःच शुद्धलेखन सुधारायच्या हौसेने. नाही जमलं तर सोडून द्या. मुलगा रुसला तर रुसू दे.

राहिलं ते महिन्याच्या पैशांचं सॉफ्टवेअर. इथे मात्र रागवायला जागा आहे आणि कायदाही तुमच्या बाजूने थोडा आहे. बंद करायची वाट लपवून ठेवणं किंवा मुद्दाम किचकट करणं, याला केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत डार्क पॅटर्न म्हटलं आहे. तिथे असे एकूण १३ प्रकार दिले आहेत, त्यातला हा वर्गणीचा सापळा. ज्या ज्या पानांवरून तुम्हाला फिरवलं त्यांचे स्क्रीनशॉट काढा. दंडाची अट घेतानाच ठळक दाखवली होती का, हे मुलाच्या मेलमध्ये तपासा. मग १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवा. तिथे मराठीत बोलता येतं.

तुम्हाला कुणी सांगेल की दुकानासाठी घेतलंत म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. ऐकून घेऊ नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबून धंदा करणाऱ्याला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा ग्राहकच मानतो. ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर कंपनी बंगळुरूची असो की बाहेरची, तक्रार सोलापूरलाच करता येते, आणि पाच लाखांच्या आतल्या खरेदीला शुल्क नाही. पण काही हजारांसाठी तारखा घ्याव्यात असं मला वाटत नाही. १९१५ वर बऱ्याचदा काम भागतं.

दरम्यान बँकेत जाऊन कार्डावरचं आपोआप पैसे जायचं मॅंडेट बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने असे पैसे कापण्याआधी किमान २४ तास तुम्हाला संदेश यायला हवा, आणि ते मॅंडेट रद्द करता येतं. फक्त लक्षात ठेवा, मॅंडेट रद्द केलं म्हणजे करार मिटला असं नव्हे. कंपनीला लेखी कळवायचंच.

भाऊजी आणि चिरंजीव यांच्यात समेट करून देणं या सदराच्या आवाक्याबाहेरचं आहे. ग्रुपवर तर काही लिहूच नका. पण तुमच्याकडे एक काम आहे जे एकट्याने होत नाही. सासऱ्यांची पुस्तिका.

रूपांतर करायला पहिली फाइल तीच घ्या. ऐंशी पानं म्हणजे फार नाहीत, आणि कुणी गिऱ्हाईक खोळंबलेलं नाही, त्यामुळे चुका करायला वाव आहे. मुलाला सांगा, रूपांतराचं सॉफ्टवेअर शोध, चालव, प्रिंट काढ. मग प्रूफ. छापील पुस्तिका भाऊजींच्या हातात द्या आणि मोठ्याने वाचायला लावा, वडिलांचंच लिहिलेलं आहे, नाही म्हणणार नाहीत. नवा प्रिंट मुलाच्या हातात, लाल पेन घेऊन. काकाने प्रत्येक वेलांटी, प्रत्येक रफार म्हणायचा, पुतण्याने बघायचा. आजोबांच्या काही शब्दांवर, विशेषतः बार्शीकडच्या बोलीतल्या, मुलगा अडेल आणि त्याला काकालाच विचारावं लागेल. रोज दहा पानांच्या पुढे जाऊ नका, डोळे थकतात. चहा तुम्ही करा, पण प्रूफात लक्ष घालू नका. तुमची नजर तयार आहे, तुम्ही एका दिवसात संपवून टाकाल.